ओल्या जागेतली सळई

पंपघरातल्या पॅनेलचे दार उघडले की आधी तापलेल्या रंगाचा वास येतो, मग धुळीचा, आणि सर्वांत शेवटी, अगदी क्षीण, ओझोनचा. त्या शेवटच्या वासावरून मला पुष्कळ कळते. कुठेतरी ठिणगी पडते आहे, कुठेतरी वीज आपली वाट सोडून बाहेर डोकावते आहे. ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी ऐन बैदा गावाच्या पंपघरात मी दार उघडले तेव्हा तो वास नव्हता. पॅनेल मी सात वर्षांपूर्वी जसे सोडले होते तसेच होते. तारांवरच्या चिठ्ठ्यांवर माझेच अक्षर होते, थोडे पिवळे पडलेले.

तिथल्या बागाईतदारांच्या संघाने स्फाक्स शहरातल्या आमच्या कचेरीत पत्र पाठवले होते. रोज दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी बागांच्या झडपा चालवणारा कंट्रोलर आपोआप बंद पडून पुन्हा चालू होतो. चालू झाल्यावर एक्केचाळीस क्रमांकाची झडप उघडते आणि पाऊण तासाहून थोडी अधिक उघडी राहते. कधी कधी नव्हे, रोज. त्या वेळात टोकाच्या बागांना पाणी पोचत नाही, आणि खजुराचे घोस रंग धरण्याच्या दिवसांत सुकू लागले आहेत. पत्राखाली वेगळ्या शाईत एक ओळ होती: ‘हा रखवालदाराचा उद्योग असावा.’

मी पत्र दोनदा वाचले होते ते त्या ओळीसाठी. बाकीच्यात मला नवे काही नव्हते. वीज कधीच शांत नसते. मोठा पंप सुरू होतो, एखादा कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाचा विजेचा खटका, खट्‌कन सुटतो, आणि पुरवठ्याच्या सरळ रेषेवर काटे उगवतात. माणसाला ते जाणवत नाहीत. कंट्रोलरचे कान मात्र फार हळवे. कुठली आज्ञा आणि कुठली नुसती खरखर, हे त्याला कळेनासे होते. त्याच्याभोवती शांतता बांधणे हा माझा धंदा आहे.

बाहेर दोघे उभे होते. एकमेकांपासून चार पावले दूर, पण सावली एकाच झाडाची.

“इंजिनियरबाई, पेटीत भूत शिरलंय का बघा,” संघाचे अध्यक्ष सादोक म्हणाले. “असलं तर बरंच. भुताला किल्ली लागत नाही.”

किल्ली रखवालदार तिजानीकाकांच्या कमरेला होती. पंपघराची ती एकच किल्ली, चामड्याच्या वादीत ओवलेली. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांच्या कमरेला असायची. तेव्हा पंप नव्हता, झऱ्यावरचा लाकडी दरवाजा होता.

“लागत नाही खरी,” काका म्हणाले. “तुझ्या आज्ज्यालाही लागली नव्हती सादोक, आमचा पाट फोडताना. कुदळ पुरली.”

सादोक हसले नाहीत. “शुक्रवारी नमाजाआधी सगळे बागाईतदार जमतायत,” त्यांनी मला सांगितले. “तोवर तुम्ही कारण दाखवा. नाही दाखवलंत, तर किल्ली मी माझ्या हातानं काढून घेणार. सगळ्यांसमोर.”

काकांनी माझ्याकडे पाहिले नाही. वादीवर त्यांचा अंगठा एकदा फिरला, आणि तेवढ्यावरून मला समजले की ते रात्री झोपत नसावेत. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते.

मी कामाला लागले. दोष मिळाले, तेही खरे. एका कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरचा डायोड जळाला होता. पंपाची जाड केबल आणि कंट्रोलरची बारीक केबल कुणीतरी एकाच नळीतून नेली होती. बारीक केबलचे जाळीदार कवच दोन्ही टोकांना जमिनीशी जोडले होते. ते एकाच टोकाला हवे, नाहीतर कवचच खरखरीची वाट होते. तिन्ही सुधारले. पुरवठ्यावर नवा फिल्टर बसवला, त्याच्या आधी विलग करणारा ट्रान्सफॉर्मर. संध्याकाळी काकांच्या घरी हरिसा ही लाल मिरचीची तिखट चटणी, अंडे आणि पाव खाताना मी म्हणाले, “उद्या काही होणार नाही.”

“पेटी बसवलीस तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस,” काका म्हणाले. “‘आता कुणाला काही लक्षात ठेवायला नको.’”

बुधवारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी कंट्रोलर बंद पडला.

गाव त्या वेळी झोपलेले असते. ऊन इतके उभे, की भिंतींनाही सावली नसते. मी विजेची रेषा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यासमोर बसले होते. एक उंच काटा आला, दिवे विझले, पुन्हा लागले. आणि भिंतीपलीकडे एक्केचाळीसची झडप उघडल्याचा आवाज आला, घसा साफ केल्यासारखा. माझ्या प्रोग्रॅममध्ये एक्केचाळीस नाहीच. पाइप टाकले तेव्हा झडप बसवली गेली, पाण्याच्या पाळ्यांच्या याद्या भरल्या तेव्हा तो रकाना रिकामा राहिला. तिला उघड म्हणणारी एकही ओळ कुठे नव्हती.

मग पुन्हा काटा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. मी घड्याळ लावले. चार मिनिटे, नऊ सेकंद. पुढचा: चार मिनिटे, नऊ सेकंद. असे अकरा. अकराव्याला झडप मिटली.

खरखरीला ताल असतो, हे मी जाणते. पण तो यंत्रांचा असतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचा. चार मिनिटे थांबून येणारे काही मी पाहिले नव्हते. मी कंट्रोलरच्या स्मृतीतल्या जुन्या नोंदी उघडल्या. गेल्या फेब्रुवारीपासूनचे सगळे काटे तिथे साठले होते. मात्र फेब्रुवारीत अंतर चार मिनिटे सोळा सेकंद होते. एप्रिलमध्ये तेरा. जूनमध्ये दहा. उन्हाळा चढत गेला तसे ते आखडत गेले होते.

काका दारात उभे होते. मी त्यांना पडदा दाखवला नाही, नोंदीही नाहीत. फक्त म्हणाले, “काका, चार मिनिटं नऊ सेकंद. यावरून काही आठवतं?”

ते आत आले. मग कोनाड्यातून कापडात गुंडाळलेले एक तांब्याचे भांडे त्यांनी काढले. नारळाएवढे, बुडाला बारीक भोक. हे भांडे गावाचे जुने घड्याळ. ते टांगायचे, भरायचे, गळून रिकामे झाले की खजुराच्या पातीला एक गाठ मारायची आणि पुन्हा भरायचे. कुणाची पाळी सहा गाठींची, कुणाची वीस. रखवालदाराने बसून गाठी मारायच्या. असे शेकडो वर्षे चालले. मग मी कंट्रोलर घेऊन आले.

काकांनी भांडे खुंटीला टांगले, काठोकाठ भरले. आम्ही दोघे धारेकडे पाहत राहिलो. धार तुटली तेव्हा मी घड्याळ थांबवले.

चार मिनिटे नऊ सेकंद.

“हिवाळ्यात?” मी विचारले.

“हिवाळ्यात पाणी आळशी असतं पोरी. सात-आठ सेकंद जास्त घेतं.”

बाहेर एक गाढव ओरडले आणि मध्येच थांबले.

“अकरा गाठी कुणाच्या होत्या, काका?”

“तुला ठाऊक नाही?”

“नाही.”

“साल्हाच्या,” ते म्हणाले. “एक्केचाळीस तिची बाग. एकटी बाई. झाडावर स्वतः चढायची, घोस स्वतः उतरवायची. तू यायच्या आदल्या हिवाळ्यात गेली. मागं कुणी नाही.”

त्यांनी भांडे उतरवले, पुसले आणि मांडीवर धरून बसले.

“याद्या भरल्या तो दिवस आठवतो? मशिदीच्या अंगणात तू टेबल मांडलंस. एकेकानं यायचं, आपली पाळी मोठ्यानं पुकारायची, तू ती पेटीत घालायचीस. आमची रीत आहे, ज्याचं मागं कुणी नाही त्याची पाळी रखवालदारानं पुकारायची. ती जमीन त्या पाण्यानंच जिवंत मानायची. शेवटी तू विचारलंस, ‘आणखी कुणी?’ सादोक माझ्याकडे बघत होता. तू घड्याळाकडं बघत होतीस, तुला स्फाक्सची गाडी गाठायची होती.” त्यांनी भांड्याच्या काठावरून बोट फिरवले. “मी माझ्या पायांकडं बघितलं.”

“मग ते पाणी...”

“सगळ्यांत वाटलं गेलं. बासष्ट बागा. प्रत्येकाला पाऊण मिनिट.”

मला तो दिवस आठवला. अंगणातली ऊब, माझ्या बोटांखालच्या कळा, ‘आणखी कुणी?’ आणि लगेच मिटवलेले झाकण. किती सेकंद थांबले होते मी? भांड्यातून एक थेंब पडायला लागतो, तेवढासुद्धा वेळ नसेल.

“हे सादोकसाहेबांना सांगितलंत?”

“काय सांगू? किल्ली माझ्याकडं, कारणही माझ्याकडं. मग चोर कोण, ते विचारायलाच नको.”

मी रेषांवर विश्वास ठेवणारी बाई आहे. त्या संध्याकाळी मी स्वतःला सांगितले की योगायोगालाही वारंवारता असते. आणि गुरुवारची चाचणी अशी आखली, की तिच्यातून माणसाचा हात सुटूच नये.

गुरुवारी दुपारी दोन वाजता तिजानीकाका सादोक यांच्यासमोर चहाच्या दुकानात बसले, आणखी सहा जणांच्या देखत. किल्ली टेबलावर ठेवली होती. पंपघरात मी एकटी. मी मुख्य पुरवठा तोडला. नुसता खटका नव्हे, ताराच सोडवल्या. पंप थांबला, बागांना पाणी उंचावरच्या टाकीतून आपल्या भाराने जात राहिले. कंट्रोलर मी दोन बॅटऱ्यांवर घेतला, ऑसिलोस्कोप तिसरीवर. बाहेरून येणारी प्रत्येक तार काढून टांगून ठेवली, झडपांकडे जाणाऱ्या आणि जमिनीत उतरणारी अर्थिंगची सोडून. इतकी शांतता मी आजवर कुठल्याही यंत्राला दिली नव्हती. पडद्यावरची रेषा कोऱ्या कागदाच्या काठासारखी होती.

दोन चाळीस.

काटा आला. झडप खाकरली.

मी बॅटरीच्या दोन्ही टोकांमध्ये मोजले. स्वच्छ. चार मिनिटांनी, पुढच्या काट्याला, मी टोक बदलले: बॅटरी आणि जमीन यांच्यामध्ये.

तिथे तो होता. पडद्याबाहेर जाणारा.

मला समजायला आणखी दोन काटे लागले. सगळी वाट मी वरून अडवली होती. खरखर खालून येत होती.

आम्हाला शिकवतात, अर्थिंग म्हणजे शेवट. नको असलेली प्रत्येक ठिणगी हिरव्या-पिवळ्या तारेतून जमिनीत सोडायची. जमीन घेते, मागत नाही, परत देत नाही. गेली वीस वर्षे मी हे वाक्य न उच्चारता रोज वापरले आहे.

ती तार भिंतीतून बाहेर जात होती. तिच्यामागे चालत जाताना मला एकेक पाऊल आठवत गेले. सात वर्षांपूर्वी याच उन्हात मी मोजणीचे यंत्र घेऊन हिंडले होते. अर्थिंगची सळई ओलाव्यात बसली तर खरखर लवकर जिरते, आणि इथे सगळीकडे पिठासारखी कोरडी वाळू. जमिनीचा अडथळा ऐंशी ओमखाली येईना. मग एका ओसाड बागेत हातभर रुंदीचा गार, काळा तुकडा सापडला. आकडा तीन. तीन मीटरची तांब्याची सळई मी स्वतः ठोकली होती आणि खूश झाले होते. ती कुणाची बाग, हे विचारायचे मला सुचले नव्हते. तिथे ओल का आहे, हेही नाही.

एक्केचाळीसमध्ये खजुराचे बुंधे उरले होते, मान नसलेले. जुन्या पाटातून पाणी येत होते, झडपेचे, सरळ, कुठेही न पसरता. सहा महिने रोज एवढे पाणी येत असताना त्या बागेत गवताचे पाते नव्हते. पाटाचे काठ कोरडे होते. पाणी सळईच्या पायथ्यापर्यंत येत होते आणि तिथे खाली जात होते. बुडबुडा नाही, आवाज नाही. कुणीतरी ओंजळ धरावी तसे.

तिथे, त्या उघड्या उन्हात, मला ओझोनचा वास आला.

मी पंपघराकडे धावत परतले. आठवा काटा पडद्यावर येऊन गेला तेव्हा माझा पाना त्या तारेवर होता. तार सुटली. झडप तत्क्षणी मिटली.

मी नवव्याची वाट पाहिली. चार मिनिटे, नऊ सेकंद. दहा सेकंद. वीस. रेषा सरळ राहिली. मी खुर्चीवर बसले.

तेवढ्यावर थांबायला हवे होते. पण सळई जागेवर ठेवली असती, तर पुढच्या दुरुस्तीवाल्याने तीन हा आकडा पाहून तार पुन्हा तिलाच जोडली असती. मी परत गेले. हातमोजे पॅनेलवरच राहिले होते. ती ठोकायला मला तेव्हा तासभर घण चालवावा लागला होता; आता मी दोन्ही हातांनी धरून जोर लावायच्या आत ती सैल झाली. वर आली, वितीवितीने, जणू मी ओढत नव्हते, खालून कुणी सोपवत होते. तिचे शेवटचे टोक इतके गार होते, की तळवे भाजल्यासारखे झाले.

वाळूने भोक लगेच बुजवले. काळा तुकडा माझ्यादेखत फिकट होत गेला.

शुक्रवारी सकाळी मशिदीच्या अंगणात बासष्ट बागांची माणसे जमली. मी अहवाल वाचून दाखवला: खरखर अर्थिंगमधून येत होती, सळईची जागा चुकीची होती, जागा मी निवडली होती. रखवालदाराचा संबंध नाही. पंपघरामागे कोळसा आणि मीठ घालून नवी सळई बसवली आहे, आकडा अकरा, चालण्यासारखा.

“म्हणजे चूक तुमची,” सादोक म्हणाले.

“माझी.”

“बरं झालं कुणाची तरी निघाली.” ते काकांकडे वळले. मग अंगणातल्या टेबलावर ठेवलेली किल्ली उचलून त्यांनी काकांच्या हातात दिली. “घे बाबा. रात्री बायको मलाच शिव्या देत होती.”

काकांनी वादी कमरेला बांधली. गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

मी म्हणाले, “एक विनंती आहे. एक्केचाळीसचा रकाना रिकामा आहे. आजच भरता येईल. प्रत्येकाचं पाऊण मिनिट जाईल, बस.”

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिले.

“मेलेल्या बाईला पाणी द्यायचं?” मागून कुणीतरी म्हणाले. “माझ्या जित्या झाडांना पुरत नाही.”

“आता बिघाड गेला ना?” सादोक म्हणाले, तेही मऊ आवाजात. “मग झालं. बाई, जेवून जा.”

“पाळी पुकारणारा मी,” तिजानीकाका म्हणाले. “साल्हा, अकरा गाठी.” ते मोठ्याने म्हणाले, सात वर्षे उशिरा. लोक उठून चपला शोधू लागले होते.

ते मला गाडीपर्यंत सोडायला आले. दार लावताना ते वाकले.

“पोरी, सळई काढलीस तेव्हा हातमोजे होते ना?”

“होते,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. मी ते पिशवीखाली घेतले.

गाडी दोन वाजता निघाली. आम्ही आठ प्रवासी, ड्रायव्हर नववा. खारट सरोवर दोन्ही बाजूंना पांढरे पसरले होते, त्याच्यावर नसलेले पाणी हलत होते. मी अहवालातली वाक्ये मनात घोळवत राहिले. प्रत्येक वाक्य खरे होते. किल्ली जिथे हवी तिथे होती. शेजारची बाई झोपली. मला झोप येईना. बोटांना काहीतरी चाळा हवा होता, आणि ती रुमालाच्या दशांशी खेळत होती, तेवढेच.

पुढे बराच रस्ता गेला. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिले.

“कुणाची पाण्याची बाटली सांडली का मागं? चटया भिजल्यात माझ्या.”

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिले. मी पाहिले नाही. मी मांडीवरची दशी पाहत होते. एकाच दोऱ्याला ओळीने गाठी बसल्या होत्या, घट्ट, सारख्या अंतरावर. मी मोजल्या. आठ.

घड्याळात तीन वाजून सतरा मिनिटे झाली होती, आणि माझी बोटे नवव्या गाठीचा फास घालत होती.